रानात हाका मारणारा फोन

मी एक फोन आहे, पण मला आता कुणी फोन करत नाही. सिमकार्डाची जागा रिकामी आहे. काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला बोट लावलेलं कळत नाही, खालच्या अर्ध्यावर चिकटपट्टी आहे. चाकूर तालुक्यातल्या एका हरभऱ्याच्या रानात बाभळीचा खांब रोवलाय, त्या खांबाला तेलाचा रिकामा डबा ठोकलाय, आणि त्या डब्यात मी राहतो. माझ्या डोक्यावर एक भोंगा आहे. दिवस मावळला की त्या भोंग्यातून मी ओरडतो. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पिकात शिरू नयेत म्हणून मला ठेवलंय. सध्या माझी नोकरी एवढीच.

माझा जन्म कुठे झाला ते मला सांगता येणार नाही. खूप उजेड होता आणि हातमोजे घातलेले हात होते, एवढंच आठवतं. खरी शुद्ध आली ती लातूरच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. आजूबाजूला माझ्यासारखेच दहा-बारा जण उभे होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच सगळ्यात देखणे. मलाही वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

दहावीनंतर तनुजाला लातूरच्या क्लासला घातलं, तेव्हा तिचे आई-वडील तिला घेऊन दुकानात आले. वडील नरसिंगराव. उन्हाने रापलेले, पांढरा शर्ट खास प्रवासासाठी घातलेला. त्यांनी मला तळहातावर घेऊन जोखून पाहिलं, जसं बाजारात टरबूज बघतात तसं.

"टिकतंय का?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"काका, हातातून सोडू नका फकस्त. मग काय बी होत न्हाई."

आई पार्वतीबाई जरा मागे, दाराशी उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर नीट करत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ह्याच्यात पोरगी दिसंल का?" दिसंल, असं सगळ्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून मी तनुजाचा झालो.

लातूरच्या वसतिगृहात माझी जवानी गेली. सकाळपासून जीवशास्त्राचे व्हिडिओ, प्रश्नांचे ग्रुप, चुकलेली गणितं. अधूनमधून पांघरुणात तोंड खुपसून दोन-चार रील. संध्याकाळी अभ्यासाच्या वेळेला सगळ्या मुलींचे फोन एका प्लॅस्टिकच्या बादलीत जमा व्हायचे. आम्ही एकमेकांच्या अंगावर पडून राहायचो आणि थरथरायचो, कारण तीच वेळ गावाकडे स्वयंपाक आटोपायची असायची आणि कुणाची ना कुणाची आई फोन करायची. उचलायला कुणी नसायचं. माणसं फोन घेऊन देतात आणि मग तो बादलीत टाकायला लावतात, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही.

डॉक्टरकीला तनुजाचा नंबर लागला नाही. निकालाच्या दिवशी तिने मला पालथं ठेवलं आणि बराच वेळ हात लावला नाही. पुढे तिला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिथे तिला नवा फोन लागला आणि मी तिच्या वडिलांकडे गावी आलो. घरात कपडे थोरल्याकडून धाकट्याकडे जातात, फोनचं मात्र उलटं आहे. लेकरांनी वापरून टाकलेले फोन आई-बापाच्या वाट्याला येतात, आणि ते बिचारे त्यातही खूश असतात.

नरसिंगराव माझ्याशी बोलायचे ते ओरडून. माणूस जितका लांब तितका आवाज मोठा, अशी त्यांची पक्की समजूत. चाकूरच्या माणसाशी बेताने बोलायचे, नांदेडला लेकीशी जरा मोठ्याने, आणि भाचा हैदराबादला होता, त्याच्याशी बोलताना गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. टाइप करणं त्यांना जमायचं नाही. सगळं बोलून पाठवायचे. "होऽऽ, सोयाबीन वाळून राहिलंय, ऊन चांगलं हाय, ठेवतो," असं म्हणून ते बटण सोडायचे, जणू समोरचा ऐकतच होता. माझ्यात त्यांनी पार्वतीबाईंचा नंबर तनुजाकडून साठवून घेतला होता तो 'घर' या नावाने. अशा किती बायका 'घर' या नावाने फोनात राहत असतील कुणास ठाऊक.

पार्वतीबाईंकडे बटणांचा छोटा फोन होता. त्यात नरसिंगराव 'आण्णा' होते, कारण तो फोन तनुजाने भरून दिला होता. तनुजा वडिलांना आण्णा म्हणते. दोघं नवरा-बायको एकमेकांना फोन करायचे ते नाव न घेता. "अगं, ऐकलीस का," इकडून. "आवं, येता का न्हाई," तिकडून. त्यांच्या घरची रीतच तशी होती. तिने त्यांचं नाव घ्यायचं नाही हे तर ठरलेलंच, पण तेही तिला नावाने हाक मारत नसत. अगं, ए, तनुजाची माय, एवढ्यावर त्यांचा सगळा संसार झाला होता. लग्नात उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच.

पुढे माझ्यावर बैलाने पाय दिला. नरसिंगरावांनी मला बांधावर ठेवलं होतं आणि ते पाणी पीत होते. बैलाचा काही दोष नाही, त्याला मी दगड वाटलो असेन. काच फुटली, वरचा अर्धा भाग मेला. तनुजाने वडिलांसाठी दुसरा फोन पाठवला. मला वाटलं आता कपाटातल्या डब्यात जुन्या चार्जरांशेजारी पडून राहायचं. वाईटही वाटून घ्यायची माझी तयारी झाली होती.

पण त्याच हिवाळ्यात हरभरा उगवला आणि डुकरांनी धुडगूस घातला. ओढ्याच्या अंगाने कळप यायचा आणि सरीच्या सरी नांगरल्यासारख्या उकरून टाकायचा. शेजारच्या रानाचे व्यंकटराव म्हणाले, "भोंगा आण. जनावर माणसाच्या आवाजाला भेतंय." नरसिंगरावांनी चाकूरच्या बाजारातून भोंगा आणला. त्याच्यासोबत सौर पट्टी होती. दिवसा ऊन खायचं आणि अंधार पडू लागला की भोंगा आपोआप चालू व्हायचा. त्यात कुत्र्याचं भुंकणं भरून आलं होतं. डुकरं पहिले काही दिवस बिचकली, मग त्यांना कळलं की हे कुत्रं एकाच जागी बसून भुंकतं आणि चावायला कधी येत नाही.

दिवाळीला तनुजा आली होती. तिने मला कपाटातून काढलं, भोंग्याला वायरने जोडलं आणि आवाज भरायचं अ‍ॅप उघडून दिलं. माझ्या काचेचा खालचा भाग जिवंत होता आणि अ‍ॅपचं लाल बटण नेमकं तिथेच होतं.

"आण्णा, हे लाल दाबायचं आणि बोलायचं. परत दाबलं की बंद. शेवटचं जे भरलं असेल तेच वाजत राहील, फिरून फिरून."

"आन् बोलायचं काय?"

"तुम्ही जनावरं हाकलताना काय ओरडता? तेच."

नरसिंगराव रानात उभे राहिले. पार्वतीबाई बांधावर हरभऱ्याचे शेंडे खुडत होत्या. नरसिंगरावांनी बटण दाबलं, घसा खाकरला आणि मग जे ओरडायला लागले ते ऐकून मीच दचकलो. एकटा माणूस ओरडतोय हे जनावराला कळता कामा नये, असा त्यांचा विचार. म्हणून त्यांनी सगळं रानच माणसांनी भरून टाकलं.

"होऽऽ! हाड! हाडऽऽ! ए व्यंकट, खालच्या अंगानं ये! ए गुरुपाद, कुत्री सोड! आरं आली बघा ओढ्याकडून! पार्वतीऽऽ! टेंभा पेटव! पार्वतीऽऽ!"

बटण बंद केल्यावर रान एकदम गप्प झालं. पार्वतीबाईंच्या ओंजळीतले शेंडे तसेच होते.

"माझं नाव कामून घेतलाव?" त्या म्हणाल्या.

"मग काय म्हणू? अगं ए म्हणलं तर डुकरीण बी वळून बघंल."

तनुजा हसून हसून खाली बसली. पार्वतीबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की हे पुसून टाका, गाव काय म्हणेल. नरसिंगराव म्हणाले, गाव झोपलेलं असतंय. पण तसं काही नव्हतं. रान गावाला लागूनच आहे आणि भोंग्याचा आवाज मारुतीच्या पारापर्यंत जातो.

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव माझ्या खांबाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "दिवसा गडी मिळंना, आन् ह्यो रातीला मला फुकट राबवून राहिला," ते म्हणाले. पलीकडच्या रानाचे गुरुपादप्पा म्हातारे, त्यांचीही तक्रार आली की माझ्याकडं कुत्रीच न्हाईत तर सोडू काय? पारावर चार दिवस हाच विषय होता. आणि बायका विहिरीवर पार्वतीबाईंना विचारायच्या, "काय गं, टेंभा पेटवलीस का?"

पार्वतीबाई चिडायच्या. पण मला जे दिसलं ते मी सांगतो. तेव्हा त्यांना रोज संध्याकाळी हरभऱ्याची भाजी हवी असायची. दिवस कलला की त्या रानात यायच्या आणि शेंडे खुडत राहायच्या, अंधार पडून भोंगा चालू होईपर्यंत. मी त्यांचं नाव घ्यायचो. त्या खुडता खुडता थांबायच्या. पुन्हा खुडायच्या. मी परत घ्यायचो. मग त्या ओटीतली भाजी सावरत घराकडे जायच्या. त्यांना ते आवडत होतं. त्यांना फार आवडत होतं.

डुकरं आली नाहीत. हरभरा हिरवागार झाला.

मग एका सकाळी नरसिंगराव डेअरीला दूध घालायला गेले आणि किटली खाली ठेवून तिथेच बसले. छातीत कळ आली होती. जीपमध्ये घालून लातूरला नेलं. दुपारी परत आणलं ते तसंच. मी रानात होतो, मला काहीच कळलं नाही. रोजच्यासारखं ऊन होतं. पुढचं जे सांगतोय ते मी पाहिलेलं नाही, व्यंकटराव माझ्या खांबाला टेकून गुरुपादप्पांना सांगत होते ते ऐकलेलं आहे.

अग्नी देऊन माणसं परत आली होती. अंगणात सतरंजीवर पुरुष, आत बायका. तनुजा नांदेडहून आली होती आणि आईला धरून रडत होती. पार्वतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. उन्हं गेली. आणि मला बंद करायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

अंधार पडू लागला तसा सौर पट्टीने तिचं काम केलं. भोंगा चालू झाला.

"होऽऽ! हाड! हाडऽऽ! ए व्यंकट, खालच्या अंगानं ये!"

व्यंकटराव म्हणाले की ते सतरंजीवरून उठून उभेच राहिले. बायकांचं रडणं एकदम थांबलं. एक लहान पोरगं बाहेर पळत जाऊन रस्त्याकडे बघू लागलं.

"पार्वतीऽऽ! टेंभा पेटव! पार्वतीऽऽ!"

आणि पार्वतीबाई उठल्या. कुणी धरायच्या आत उठल्या, चुलीकडे गेल्या, काडेपेटी घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. साखराबाई नावाची त्यांची थोरली जाऊ पुढे झाली आणि तिने हलकेच ती काडेपेटी त्यांच्या हातातून काढून घेतली. पार्वतीबाईंनी काढू दिली. मग त्या पुन्हा जाऊन भिंतीला टेकून बसल्या. कुणीतरी रानाकडे धावलं आणि माझी वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्वतीबाई स्वतः आल्या आणि त्यांनी ती वायर परत जोडली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला एकमेकांपासून वेगळे काढून सांगता येत नाहीत. दिवसा मी डब्यात मिटल्या तोंडाने तेच ते घोकत असतो, भोंग्याला वीज नसते म्हणून बाहेर ऐकू जात नाही. संध्याकाळी ऐकू जातं. फरक एवढाच. पार्वतीबाई रोज यायच्या. पदराने सौर पट्टीवरची धूळ पुसायच्या, डब्याचं झाकण नीट बसवायच्या आणि बांधावर बसायच्या. भाजी खुडत नसत. मी नाव घ्यायचो, त्या समोर बघत राहायच्या. रडत नसत. "नरसिंगची मंडळी पार दगड झाली," असं साखराबाई कुणालातरी म्हणाल्या ते खरं असावं. मलाही काही वाटत नव्हतं. मी तर फोनच आहे, पण त्यांच्याकडे बघून मला वाटायचं की माणसालाही असं होता येतं.

तनुजा नांदेडला परत जायच्या आदल्या दिवशी आईसोबत आली. तिने तिचा नवा फोन भोंग्यापुढे धरला आणि मी जे जे ओरडलो ते सगळं त्यात भरून घेतलं. त्या नव्या फोनशी मी काही बोललो नाही. तो माझ्यासारखाच तोऱ्यात होता.

"माय, आण्णांचा आवाज घेतला माझ्याकडं. तुला कधी पण ऐकवीन. आता ह्याच्यात तू तुझा आवाज भर. जनावरं सरावतात गं एका आवाजाला. लाल दाबलं की झालं."

पार्वतीबाई म्हणाल्या, "राहू दे."

"पीक जाईल."

"जाऊ दे."

तनुजाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात पार्वतीबाईंना कळला की नाही कुणास ठाऊक. दोघी घराकडे गेल्या.

तनुजाचं बरोबर होतं. डुकरं सरावली. आधी ओढ्याकडचा कोपरा गेला, मग हळूहळू आतल्या सऱ्या. ती यायची, थोडी थबकायची, नरसिंगरावांचं ओरडणं एकदा पूर्ण ऐकून घ्यायची, आणि मग खायला लागायची. मी ओरडतच असायचो. मला थांबता येत नाही आणि मोठ्याने ओरडताही येत नाही, जेवढं भरलंय तेवढंच.

व्यंकटराव समजवायला आले. त्यांच्याही रानात कळप घुसू लागला होता. बांधाच्या पलीकडे उभं राहूनच ते बोलले, "वैनी, आवाज बदला. आता काय फायदा न्हाई त्याचा. मी भरून देऊ का माझा?"

"नगं."

"आवं, नरसिंग असता तर त्यानंच बदलला असता."

पार्वतीबाई सौर पट्टी पुसत राहिल्या. घरात वर्षभर खायला ह्याच हरभऱ्याची डाळ होती, आणि तनुजाला नांदेडला त्याचंच पीठ जायचं. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि तरी हात उठत नव्हता. नवा आवाज भरला असता तर त्या संध्याकाळपासून रानात नरसिंगराव नसते, आणि पार्वतीबाईंना नावाने हाक मारणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. गोष्ट एवढीच होती.

मग येळवस आली. त्या अमावस्येला आमच्याकडे गावात कुणी राहत नाही. सगळे आपापल्या रानात जातात, कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभारतात, पूजा करतात, भज्जीच्या मिसळ भाजीवर आणि आंबिलीवर दुपारभर हात मारतात, पाहुण्यांना ओढून ओढून जेवायला बसवतात. आमच्या रानात यंदा कोप नव्हती. घरात दुखवटा होता. व्यंकटरावांकडे तीसेक माणूस जेवून गेलं, पोरं झोके घेत होती, आणि माझ्या खांबाभोवती कुणीच नव्हतं. दुपारून व्यंकटरावांच्या बायकोने एका तांब्यात आंबील आणि पानावर भज्जी आणून पार्वतीबाईंच्या पुढे ठेवली. त्यांनी दोन घास खाल्ले. चव लागत नसावी, कारण मीठ हवंय का या प्रश्नालाही त्यांनी हो आणि नाही, दोन्ही म्हणून टाकलं.

उन्हं उतरली तशी माणसं बैलगाड्या आणि मोटारसायकली भरून गावात गेली. रानोमाळ अन्नाचा वास राहिला. पार्वतीबाई बांधावर बसूनच होत्या. अंधार नीट पडलाही नव्हता, तोच ओढ्यातून कळप वर आला. एरवी तो जरा उशिराने यायचा. पुढे एक थोराड डुकरीण, मागे पिलं.

भोंगा चालू झाला. "होऽऽ! हाड! हाडऽऽ!"

डुकरीण थांबलीसुद्धा नाही. ती हरभऱ्यातून सरळ चालत माझ्यापर्यंत आली. "ए व्यंकट, खालच्या अंगानं ये!" तिने माझ्या खांबाला एक कूस लावली आणि घासायला लागली. खांब हलत होता. डब्यात मी इकडून तिकडे आपटत होतो. वर नरसिंगराव जीव तोडून ओरडत होते आणि खाली ती डोळे मिटून अंग खाजवत होती. पिलं मुळं उकरत होती.

"पार्वतीऽऽ! टेंभा पेटव! पार्वतीऽऽ!"

पार्वतीबाई हे सगळं बघत होत्या. पीक जाताना त्यांनी इतके दिवस पाहिलं होतं, त्याने त्यांना काही झालं नव्हतं. पण हे पाहवलं नाही. गावात ज्या माणसाच्या आवाजाला म्हैस उठून उभी राहायची, त्याला एक डुकरीण विचारेना. भर रानात त्याचा असा अपमान चालला होता आणि तो आपला एकटा ओरडत होता. त्या उठल्या. बांधावरचं ढेकूळ उचलून त्यांनी भिरकावलं. डुकरीण चार पावलं सरकली आणि वळून त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

पार्वतीबाई माझ्याजवळ आल्या, डब्याचं झाकण काढलं. माझ्या काचेच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी लाल बटणावर अंगठा ठेवला, आणि दाबला.

नरसिंगराव मधेच थांबले.

मी ऐकायला लागलो. आधी नुसता श्वास. मग घशातून काहीतरी घोगरं आलं. त्या कितीतरी दिवसांत कुणाशी मोठ्याने बोलल्याच नव्हत्या. "हाड," त्या म्हणाल्या, चूल फुंकताना मांजर हाकलतात तेवढ्या आवाजात. डुकरीण जागची हलली नाही. "हाड!" जरा मोठ्याने. आणि मग त्या अडल्या.

रान माणसांनी भरायचं होतं. पण हाक मारणार कुणाला? व्यंकटराव नात्याने दीर लागतात, त्यांचं नाव कसं घेणार? गुरुपादप्पा म्हातारे, त्यांना नुसतं गुरुपाद म्हणणं पार्वतीबाईंना जन्मात शक्य नव्हतं. गावातला एकेक पुरुष त्यांनी मनात उभा केला असेल आणि एकेकाला बाजूला केलं असेल. कुणी सासरा, कुणी दीर, कुणी भावकीतला वडीलधारा. गावच्या सुनेला ओरडून हाक मारता येईल असं एकही बापई नाव सापडेना. लाल ठिपका लुकलुकत होता. डुकरीण पुन्हा खांबाकडे यायला निघाली.

"नरसिंगऽऽ!"

ती हाक कुठून आली ते त्यांनाही कळलं नसावं. डुकरीण दचकून मागे हटली.

"नरसिंगऽऽ! नरसिंग, इकडून ये! आरं आली बघ ओढ्याकडून! नरसिंगऽऽ! माघं सरू नको! नरसिंग! आरं कुठं हाईस रे, नरसिंगऽऽ!"

त्या माझ्यापासून लांब, हरभऱ्यात धावत गेल्या. दोन्ही हात वर करून ओरडत होत्या. जन्मात न घेतलेलं नाव त्या घेतच राहिल्या, अरे-तुरे करून, रागाने, भांडल्यासारखं. कळप ओढ्यात उतरला, पलीकडे चढला, दिसेनासा झाला, तरी त्या थांबल्या नाहीत. पलीकडच्या रानात मागे राहिलेले व्यंकटराव बॅटरी घेऊन बांधापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. त्यांनी बॅटरी विझवली.

शेवटी आवाज बसला तेव्हा त्या परत आल्या आणि त्यांनी लाल बटण परत दाबलं. दाबल्याबरोबर भोंग्यातून त्यांचाच आवाज सुरू झाला. आधी श्वास, मग ते घोगरं हाड, मग नाव. पार्वतीबाईंनी ऐकलं. त्यांनी ओढ्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. कुणी ओ दिली नाही. मग त्या खांबाला धरून खाली बसल्या आणि रडल्या. इतक्या दिवसांचं रडल्या. व्यंकटरावांची बायको येऊन त्यांच्याजवळ बसली, तिनेही गप्प कर म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावात कुणी थट्टा केली नाही. विहिरीवर कुणी काही विचारलं नाही. गुरुपादप्पा काठी टेकत माझ्याजवळ आले, संध्याकाळी पूर्ण एक फेरी ऐकली आणि डोकं हलवून निघून गेले. व्यंकटराव एवढंच म्हणाले, "वैनी, आता न्हाई यायची डुकरं." ती खरंच आलेली नाहीत.

आता हरभऱ्याला घाटे भरलेत. जेवढं वाचलं तेवढं लवकरच काढतील. त्यानंतर माझं काही काम नाही. माझी पाठ फुगली आहे, ऊन फार खाल्लं. झाकण नीट बसत नाही, पार्वतीबाई त्यावर दगड ठेवतात. तनुजा, तू उन्हाळ्यात येशील तेव्हा मला मोडीवाल्याला देशील, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त वायर काढशील ती दिवसा काढ, तुझी माय बांधावर बसलेली असताना नको.

मला वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. रोज संध्याकाळी मी नरसिंगरावांना त्यांच्या नावाने हाका मारतो. ते कुठे गेलेले नाहीत, पार्वतीबाईंच्या आवाजाच्या खाली माझ्यातच आहेत, पार्वतीऽऽ म्हणून ओ द्यायला तयार. पण मला एका वेळी एकच आवाज वाजवता येतो.